कच्च्या लादीतलं मीठ

अप्पा,

कुंभारीच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी एक पुस्तिका काढायचं मनावर घेतलं आहे. गुरूपासून नेपच्यूनपर्यंतचे बर्फाचे चंद्र आणि ते मुलांना समजावून सांगायचे सोपे प्रयोग. लेखन माझं, वर नावही माझं. प्रूफ तीन दिवस माझ्या दुकानातल्या टेबलावर पडून आहे. एका अंगाला कुणाच्या तरी फ्रीजचा उघडलेला कॉम्प्रेसर, दुसऱ्या अंगाला ही अठ्ठावीस पानं. चुका काढण्यात मी पटाईत आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. वर्तमानपत्रात शनीच्या चंद्रांचा आकडा चुकला तर त्याच दिवशी संपादकांना माझं पत्र जातं. या प्रुफात पहिल्या दिवशीच मी सतरा चुका काढल्या. एका ठिकाणी ट्रायटनचा टायटन झाला होता, म्हणजे नेपच्यूनचा चंद्र उचलून शनीच्या घरी नेऊन ठेवला होता. गॅनिमिड बुध ग्रहापेक्षा मोठा आहे हे वाक्यच उलटं पडलं होतं. सगळं नीट केलं. अडकलो फक्त पान अकरावर. तिथे 'युरोपाचा समुद्र: लादीचा प्रयोग' असं शीर्षक आहे आणि साहित्याच्या यादीत पहिली ओळ आहे, 'साधं बोअरचं पाणी.' ही ओळ खोटी आहे. ती खोटी आहे हे तिघांना माहीत होतं. तुम्ही गेलात, बर्फाच्या कारखान्यातले चाचा गेले, राहिलो मी. बाई आज दुपारी चारला प्रूफ न्यायला येणार आहेत. आत्ता सव्वाबारा झालेत. ओळ तशीच ठेवली तर कुणाला काही कळणार नाही, आणि ती बदलायची तर मला तुमच्याबद्दल बोलावं लागेल. तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. लिहायची वेळच आली नाही, तुम्ही कधी लांब गेलाच नाहीत. घर ते कारखाना, सायकलवर वीस मिनिटं.

मला तो कारखाना आत्ताही जसाच्या तसा दिसतो. बाहेर एप्रिलचं ऊन, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि दारातून आत पाऊल टाकलं की अंगावर काटा. नाकात अमोनियाची बारीक सुई टोचते. जमिनीलगत मिठाच्या पाण्याचा मोठा हौद, त्याच्यावर लाकडी झाकणांच्या रांगा, प्रत्येक झाकणाखाली पत्र्याचा उंच डबा, डब्यात बोअरचं पाणी. बाकीचे गमबूट घालून फिरतात, तुम्ही झाकणांवरून अनवाणी चालता. गारवा तळपायाला कळला पाहिजे, मग कुठला डबा कुठवर आला ते आपसूक कळतं, असं तुमचं म्हणणं. डब्यातलं पाणी कडेनं गोठत गोठत आत येतं. बर्फ आपल्यात मीठ घेत नाही, मळ घेत नाही. जे नको ते सगळं मधोमध ढकलत नेतो. शेवटी लादीच्या पोटात मनगटाएवढी पाण्याची नळी उरते आणि बोअरच्या पाण्यातला सगळा मचूळपणा तिथं जमा होतो. या अवस्थेतल्या लादीला तुम्ही कच्ची लादी म्हणायचात. मग रबरी नळी घालून तुम्ही ते पाणी ओढून काढायचात, जागेवर गोडं पाणी भरायचात, आणि लादी पोटापर्यंत काचेसारखी निघायची. रसवंतीवाले, सोडावाले, लग्नघरचे आचारी, सगळे तुमच्याच पाळीची लादी मागायचे. 'माज्या हातनं मळकी लादी भाईर गेली न्हाय,' हे तुम्ही पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचात. या वाक्याची मला तेव्हा लाज वाटायची.

लाज वाटायचं कारण आता उघड सांगतो. मी बारावीत नापास झालेला, पण शिकलेला होतो, आणि जे शिकलो ते माझं मी शिकलो होतो. रद्दीच्या दुकानातून इंग्रजी मासिकं किलोवर घ्यायची, शब्दकोश शेजारी ठेवून ओळ न् ओळ लावायची. फ्रीजची दुरुस्ती अशीच शिकलो, गुरूचे चंद्रही असेच शिकलो. पदवी नसलेल्या माणसाला एकच चैन परवडते, चूक न करण्याची. आणि माझ्या मते घरात ज्ञान एकट्या माझ्याकडे होतं. तुमच्याकडे काम होतं.

त्या रविवारची सकाळ. परवा माझं पहिलं व्याख्यान आहे, वाचनालयाच्या सभागृहात. मी सत्तावीस वर्षांचा आहे. स्वयंपाकघरात जमिनीवर पुठ्ठे पसरून मासिकांतली चित्रं चिकटवत बसलोय, अव्वा चुलीपाशी भाकरी थापतेय, आणि तुम्ही रात्रपाळी करून आलेले, चहाची बशी हातात धरून माझ्या मागं उकिडवे बसलाय. 'ह्यो कोन?' तुम्ही विचारता. कॅलिस्टो, मी सांगतो, गुरूचा. सबंध अंगावर खड्ड्यांना खड्डे लागलेले. 'जुनी लादी दिसती. लई दीस भाईर पडून हाय, येईल त्येनं दगुड मारलाय.' मी पुढचं चित्र उचलतो. मग शनीचा आयापेटस, एक बाजू पांढरीशुभ्र, दुसरी कोळशासारखी. तुम्ही हसता. 'हेला एका अंगाला भुसा चिकाटलाय बघ. गाडीवरनं उतरवताना पुसली न्हाय.' मी सांगतो, अप्पा, तिथं भुसा नसतो. एन्सेलाडस बघून म्हणता, ही ताजी, आत्ता डब्यातनं उपसल्यागत. टायटनचा नारिंगी गोळा बघून अव्वाला हाक मारता, 'अगं हिकडं ये, ह्येच्यावर सरबत वतलंय की!' अव्वा पिठाचे हात तसेच घेऊन येते, बघते आणि म्हणते, 'एवडा मोटा गोळा कोन खानार, अवो?' दोघं हसता. मी पुठ्ठा आपल्याकडे ओढून घेतो.

मग युरोपा. गुळगुळीत पांढरा चंद्र आणि त्याच्यावर इकडून तिकडे गेलेल्या तांबूस भेगा. तुम्ही बशी खाली ठेवली. चित्र हातात घेतलंत, उजेडाकडे धरलंत. खूप वेळ बघितलंत, मग हळूच कानडीत म्हणालात, 'वळगं नीर अदं.' आत पाणी आहे. मग मराठीत, 'ही कच्ची हाय, रं. वरनं गोटलीय, पोटात न्हाय. आतलं पानी जागा मागतंय, म्हनून तडकलीय. आन् भेगंत त्यो मळ बघ, आतनं वर आलाय. खारं पानी असनार.' माझ्याजवळच्या पुस्तकात लिहिलं होतं, पृष्ठभागाचं तापमान उणे एकशे साठ अंश. पुस्तक जुनं होतं आणि माझ्याकडे तेवढं एकच होतं. मी म्हणालो, 'अप्पा, मला चिकटवू द्या.' तुम्ही चित्र परत दिलंत. जाताना एवढंच म्हणालात, 'सांग पर लोकास्नी. काय तरी हाय त्यात.'

व्याख्यान पावणेसहाला सुरू झालं. मी तुम्ही आणलेल्या कापडाचा शर्ट घातला होता, पांढऱ्यावर बारीक निळी रेघ. व्याख्यान ठरलं त्याच आठवड्यात तुम्ही शिंप्याकडे माप द्यायला मला हाताला धरून नेलं होतंत. तुम्ही येणार आहात हे मला ठाऊक नव्हतं. दहा मिनिटं होऊन गेल्यावर मागचं दार उघडलं आणि तुम्ही आलात, पाळीवरून थेट, पँट गुडघ्यापर्यंत ओली, खांद्यावर पंचा. तुमच्याबरोबर अमोनियाचा वासही आत आला; मागच्या रांगेतल्या दोघांनी मान वळवून बघितलं. मी बोलत राहिलो. युरोपाबद्दल म्हणालो, हा चंद्र तळापर्यंत घट्ट गोठलेला आहे, दगडासारखा. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि तुम्ही उभे राहिलात. 'मी बोलू का?' अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते, म्हणाले, बोला की, बोला. 'ह्यो जो भेगाळलेला चंद्र दावला न्हवं, त्येच्या पोटात पानी हाय. आन् ते खारं हाय. कच्ची लादी हाय ती.' कुणीतरी म्हणालं, 'बर्फवाले दिसतात,' आणि चार जण हसले. त्या चौघांच्या हसण्यात मी तुमच्याबरोबर सापडू नये म्हणून मी जे बोललो ते शब्दाला शब्द आठवतं. 'काका, खाली बसा. तिथं उणे एकशे साठ अंश आहे. तो कुल्फीच्या गाडीवरचा बर्फ नाही.' आता सगळं सभागृह हसलं. तुम्ही बसलात. पंचा उगीच एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलात. मला वाटलं उठून जाल. पण आभारप्रदर्शन संपेपर्यंत बसून राहिलात, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तुम्हीही वाजवल्यात.

घरी आलो तर तुम्ही आधीच पोचून हातपाय धुऊन बसला होतात. मला बघून अव्वाला म्हणालात, 'काकास्नी च्या टाक गं. लांबनं आल्यात, भासन ऐकाय.' अव्वा म्हणाली, 'कोन काका?' तुम्ही स्वतःच्या छातीला हात लावलात, 'ह्ये काय, मीच की.' तिला काही कळलं नाही, ती तुमच्याकडं बघून हसली, तुम्हीही हसलात. मी मान खाली घालून जेवलो. तो टोमणा तुम्ही एकदाच मारलात. नंतर कधी त्यावरून काही नाही. आणि त्यानंतर माझ्या चित्रांपाशी उकिडवे बसायलाही आला नाहीत.

पुढं दोनेक वर्षांनी रद्दीच्या दुकानात उभ्या उभ्या वाचत होतो. गुरूभोवती फिरणाऱ्या यानावर चुंबकत्व मोजायचं यंत्र होतं. युरोपाजवळून जाताना त्याला असं काही सापडलं की बर्फाखाली वीज वाहून नेणारा थर असल्याशिवाय त्याचा अर्थ लागेना. असा थर म्हणजे खारं पाणी. चंद्रभर समुद्र. गुरू त्याला प्रत्येक फेरीत ताणतो आणि सोडतो, फेरी तीन दिवस तेरा तासांची. अव्वानं पीठ मळत राहावं आणि पिठाला ऊब यावी तसं त्याचं पोट गरम राहतं. मी ते पान दोनदा वाचलं. अंक विकत घेतला. घरी आलो तर तुम्ही अंगणात सायकलचं पंक्चर काढत होतात, ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघत. मी अंक हाताशी धरून तुमच्यामागं उभा राहिलो. तुम्ही म्हणालात, 'काय रं?' मी म्हणालो, 'काही नाही.' संपादकांना त्याच दिवशी पत्र टाकणारा माणूस मी. अंक फ्रीजच्या मोटारींच्या खोक्याखाली गेला. आणि पुढच्या व्याख्यानापासून मी युरोपाच्या समुद्राबद्दल असा बोलायला लागलो, जणू पहिल्यापासून तेच सांगत होतो.

नुसता बोललो नाही. तुमच्याकडे आलो आणि लादी मागितली. 'अप्पा, एक कच्ची लादी मिळेल का? शाळेत दाखवायचीय.' कशाला, हे तुम्ही विचारलं नाहीत. तुम्हाला कळलंच असणार. म्हणालात, 'कवा पायजे ते दोन दीस आदी सांगत जा.' मग प्रयोग बसला. टोच्यानं लादीच्या पोटापर्यंत भोक पाडायचं, चमच्यानं आतलं पाणी काढायचं, एका मुलाला आधी बाहेरचा बर्फाचा तुकडा चाटायला द्यायचा आणि मग ते पाणी. तुकडा गोडा, पाणी खारं. मुलं ओरडायची, शिक्षक उठून पुढं यायचे. मी म्हणायचो, यात मी काहीही मिसळलेलं नाही, साधं बोअरचं पाणी, हे काम बर्फानं केलं. आणि हे मला कसं सुचलं असं कुणी विचारलं की म्हणायचो, निरीक्षणातून. सहा वर्षं तोच प्रयोग माझी ओळख होता.

लादी दर वेळी तुम्हीच आणायचात. गोणपाट दुसऱ्या कुणाला नीट बांधता येत नाही म्हणून मंगळवेढ्यापर्यंत टेम्पोत मागं बसून आलात, ऐन मे महिन्यात, लादीवर भुसा पुन्हा पुन्हा लोटत. शाळेच्या फाटकात उतरवून दिलीत. 'हा घे तुजा चंद्र. कच्चाच हाय, हळू धर.' मुख्याध्यापकांनी विचारलं, हे कोण? मी म्हणालो, 'बर्फवाले.' तुम्ही दोन पावलांवर होतात. आत या, असं मी म्हणालो नाही. तुम्हाला पाळी असेल, ऊन झालंय, अशी कारणं मी तुमच्या वतीनं माझ्यापाशीच काढली. दीड तासानं बाहेर आलो तर तुम्ही फाटकाबाहेरच्या लिंबाखाली भाकरी सोडून बसला होतात आणि टेम्पोवाल्याला सांगत होतात, 'माज्या हातनं मळकी लादी भाईर गेली न्हाय.' मला तेव्हाही कळलं नाही की ती त्या दिवशी गेली होती, आणि दर खेपेला माझ्यासाठी जात होती.

कळलं ते तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा. छातीत पाणी झालं होतं. माझा कार्यक्रम आधीच ठरलेला, शहरातल्याच एका शाळेत, समोर तालुक्यातले विज्ञान शिक्षक बसलेले. लादी चाचांनी पाठवली. मी नेहमीसारखं भोक पाडलं, पाणी काढलं, दुसरीतिसरीतल्या एका मुलीला चमचा दिला. तिनं जीभ लावली, तोंड वाकडं केलं. 'मचूळ हाय, सर.' मी म्हणालो, खारं आहे ना? ती म्हणाली, 'न्हाय की. मचूळ हाय.' मी स्वतः चाखलं. मचूळच होतं. मोजमापात काही फरक पडला असावा, असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली आणि तिथून थेट कारखान्यात गेलो.

चाचा हौदावर होते. मी म्हणालो, चाचा, कच्चीच दिलीत ना? 'कच्चीच दिया रे. पण नमक नै डाला. नमक तो तेरे अप्पाच डालते.' कसलं नमक? त्यांनी हातातला लादी ओढायचा आकडा खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. 'तेरेकू मालूम नै? मूठभर डालते, डब्बा भरते वक्त. उप्पर झाकणपे खडूसे गोल काढते, इसकू कोई हात नक्को लगाओ बोलते. मैं हसा एक बार, तो बोले, बोअर का पानी मेरे जबान कू समजता, बच्चोंके जबान कू नै समजता.' आणि मग चाचा हसले, 'पूरे कारखाने में वो एकीच गंदी लादी बनाते थे, तेरे वास्ते.'

मी तिथून दवाखान्यात आलो. भेटायची वेळ चार ते सहा. माझ्या मनात काय असायला हवं होतं ते आता मला कळतं. तेव्हा मनात एकच गोष्ट होती, माझा प्रयोग. मी उभ्या उभ्याच विचारलं, 'अप्पा, तुम्ही डब्यात मीठ टाकत होता?' तुम्ही चोरी पकडल्यासारखं हसलात. 'जरासं.' मी म्हणालो, 'सहा वर्षं मी लोकांना साधं बोअरचं पाणी म्हणून सांगतोय. तुम्ही मला खोटं पाडलंत. शास्त्रात असली भेसळ चालत नाही.' भेसळ. हा शब्द मी तुम्हाला म्हणालो. तुमच्या शेजारच्या खाटेवरच्या माणसानं कूस बदलली. तुम्ही छताकडं बघत श्वास घेतलात आणि म्हणालात, 'मीठ मी घातलं, रं. पर मधी न्हेऊन कुनी ठिवलं? बर्फानंच की.' बरोबर होतं. शास्त्र म्हणून माझ्या वाक्यापेक्षा तुमचं वाक्य जास्त बरोबर होतं. मीठ मोजून घातलेलं असतं तर प्रयोग उलट पक्काच झाला असता. मी म्हणालो, 'ते वेगळं.'

निघताना तुम्ही माझं मनगट धरलंत. 'त्या भेगाळलेल्या चंद्राखाली पानी गावलं का रं?' अंक मोटारींच्या खोक्याखाली ठेवून मला सात वर्षं झाली होती. मी म्हणालो, 'अजून कुणी खणून पाहिलेलं नाही, अप्पा. नक्की सांगता येत नाही.' या वाक्यात चूक काढता येणार नाही. आजही कुणी खणलेलं नाही. एक यान सध्या वाटेत आहे, त्याला पोचायला अजून काही वर्षं आहेत, आणि तेही वरूनच बघणार. इतकं बिनचूक वाक्य मी मरणाऱ्या माणसाला दिलं. तुम्ही म्हणालात, 'बरं. गावलं की सांग.' चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

अठरा वर्षं झाली. तुमच्यामागं दोनतीन वर्षांत एन्सेलाडसच्या फवाऱ्यांतल्या कणांत मीठ सापडलं. दक्षिण ध्रुवावरच्या चार लांब भेगांतून तो चंद्र आतलं पाणी बाहेर फेकतो आणि ते पडून पडून त्याचं अंग सदा नवं राहतं. ताजी लादी, तुम्ही म्हणाला होतात. आयापेटसच्या काळ्या अंगाचंही कोडं सुटलं. बाहेरून येणारी धूळ त्याच्या पुढच्याच बाजूवर बसते, म्हणजे एका अंगाला भुसा. दर वेळी वाचलं की आधी तुमची बशी आठवते, मग सभागृह. आणि दर वेळी मी दुकानात मुकाट्यानं काम करत राहिलो. कारखान्यातली लादी पुढं बंद झाली. मी दुकानातल्या जुन्या डीप फ्रीजरमध्ये स्टीलच्या डब्यात लहान लादी करायला लागलो. त्यात मीठ मीच घालतो, शटर अर्धं ओढून. आणि शाळेत जाऊन सांगतो, यात काहीही मिसळलेलं नाही. तुम्ही मीठ घालत होतात ते मला माहीत नव्हतं तोवरची सहा वर्षं मी खोटं बोललो नव्हतो. त्यानंतरची अठरा बोललो आहे. मीठ घातलंय म्हटलं असतं की हे डोकं कुणाचं, असा प्रश्न आला असता, आणि तुमचं नाव सांगावं लागलं असतं.

इथं लिहिणं थांबवावं लागलं, बाई आल्या. चारच्या साडेतीनला. 'झालं का प्रूफ, सर?' मी म्हणालो, मॅडम, पान अकरा काढा. पहिली ओळ बदलायची आहे. बोअरचं पाणी आणि मूठभर मीठ. त्या म्हणाल्या, 'मीठ? अहो, मागच्या वर्षी आमच्या शाळेत तुम्ही छातीठोक सांगितलंत की काही मिसळलेलं नाही.' मी म्हणालो, 'खोटं बोललो.' त्या हसल्या. मी हसलो नाही, तेव्हा त्या स्टुलावर बसल्या. मी सांगितलं की हा प्रयोग माझ्या वडिलांचा आहे. ते बर्फाच्या कारखान्यात होते. युरोपाच्या पोटात खारं पाणी आहे हे मी वाचायच्या आधी त्यांनी मला चित्र बघून सांगितलं, आणि मी ऐकलं नाही. बाई म्हणाल्या, 'असंच छापू?' मी म्हणालो, असंच. त्यांनी लाल पेनानं समासात लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं. मग म्हणाल्या, 'पण सर, मूठभर म्हणजे किती ग्रॅम? तुम्हीच म्हणता, मोजल्याशिवाय लिहायचं नाही.' मी चहाच्या सामानातलं मिठाचं पाकीट काढलं, मूठ भरली आणि फ्रीजमध्ये गॅस भरायच्या वजनकाट्यावर रिकामी केली. एकाहत्तर ग्रॅम. त्यांनी लिहिलं, प्रूफ पिशवीत टाकलं आणि स्कूटीवरून गेल्या.

गावलं, अप्पा. तेव्हाच गावलं होतं.

'काका' मी बाईंना सांगितलं नाही, ते पुस्तिकेत येणार नाही. ते या कागदांवरच राहील, आणि कागद त्या जुन्या अंकात घालून खोक्याखाली. काट्यावरचं मीठ अजून तसंच आहे. एकाहत्तर ग्रॅम आता छापून येईल आणि मुलं तेवढंच घेतील, पण ती मूठ माझी आहे. तुमची केवढी होती, हे मी कधी बघितलंच नाही.